मांजराची शुगर घरच्या घरी: आधी थेंब, मग इंजेक्शन

दवाखान्यात मांजराची शुगर ३५० येते आणि त्याच मांजराची घरी, दुपारची झोप झाल्यावर मोजली तर १८०. यात मशीन चुकलेले नसते. टोपलीत कोंडले जाणे, रिक्षाचा आवाज, शेजारच्या बाकावर भुंकणारा कुत्रा, अनोळखी हात, एवढ्यानेच मांजराचे शरीर ॲड्रिनलिन सोडते आणि यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते. धडधाकट मांजराचीही शुगर अशा वेळी ३०० च्या घरात जाऊ शकते. दवाखान्यातल्या त्या एका आकड्यावर डोस वाढवला आणि घरची खरी शुगर कमीच असली, तर ते जिवावर बेतू शकते.

घरी शुगर मोजण्याचे दुसरे कारण त्याहून मोठे आहे. मांजराचा मधुमेह बराचसा माणसाच्या टाइप २ सारखा असतो. आहार बदलला, शुगर आटोक्यात आली की स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते आणि इन्सुलिनची गरज काही आठवड्यांत निम्मीही होऊ शकते. काही मांजरांची तर पूर्ण संपते. हे कधी घडेल हे बाहेरून दिसत नाही. काल २ युनिट चालले म्हणून आज चालतीलच असे नाही. म्हणून मधुमेही मांजराच्या घरात एक नियम पक्का हवा: आकडा पाहिल्याशिवाय इंजेक्शन नाही. निदान, इन्सुलिनचा प्रकार आणि डोस पशुवैद्य ठरवतील. रोजचा आकडा मात्र घरच्या माणसानेच काढायचा आहे.

मीटर कोणता

प्राण्यांसाठी बनवलेला ग्लुकोमीटर मिळाला (अल्फाट्रॅक हा त्यातला सर्वांत परिचित) तर उत्तम. त्यात मांजराचा आणि कुत्र्याचा कोड वेगळा असतो. मांजराचाच निवडला आहे ना ते पाहा. तो मिळाला नाही किंवा पट्ट्या परवडल्या नाहीत, तर केमिस्टकडे मिळणारा माणसांचा मीटर चालतो, पण तो मांजराच्या बाबतीत बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. माणसाच्या रक्तात ग्लुकोज प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आणि तांबड्या पेशी अशा दोन्हींत वाटलेले असते; मांजराच्या रक्तात ते जवळजवळ सगळे प्लाझ्मात असते. माणसांच्या मीटरचे गणित माणसाच्या रक्तावर बसवलेले, म्हणून हा फरक. शुगर जास्त असताना तो मोठा दिसतो, कमी असताना लहान. यावर 'अमुक मिळवा' असे सरसकट सूत्र नाही. एकच मीटर धरून ठेवा, तो कोणता हे डॉक्टरांना सांगा आणि त्या मीटरवरच्या मर्यादा त्यांच्याकडून लिहून घ्या. कमी शुगरच्या बाबतीत मात्र पडद्यावरचा आकडा खरा मानूनच वागा. 'माणसांचा मीटर आहे, कमीच दाखवणार' म्हणून ५५ कडे दुर्लक्ष करू नका.

मीटर घेताना एक गोष्ट आवर्जून पाहा: पट्टीला रक्त किती लागते. ०.३ ते ०.६ मायक्रोलिटर लागणारा मीटर घ्या. १ ते २ मायक्रोलिटर मागणारे जुने मीटर माणसाच्या बोटाला ठीक आहेत. मांजराच्या कानातून तेवढे रक्त काढायचे म्हणजे तीनदा टोचावे लागते आणि चौथ्या दिवशी मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही.

या लेखातले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, भारतातले मीटर तेच दाखवतात. ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांच्या मीटरवर मिलिमोल दिसते. त्याला १८ ने गुणले की हा आकडा मिळतो.

पट्ट्यांची काळजी घ्या, कारण निम्म्या विचित्र आकड्यांचे मूळ तिथेच असते. पट्ट्या मूळ डबीतच ठेवा, झाकण लगेच घट्ट लावा, डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. कोकणातला पावसाळा आणि उघडी राहिलेली डबी यांचे जमत नाही. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू नका; ३० अंशांच्या वर पारा जातो तिथे घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा शोधा. खिडकीपाशी किंवा गॅसच्या ओट्यावर डबी नको.

कानाच्या कडेवर

मोबाइलचा टॉर्च कानाच्या आतल्या बाजूने धरा. बाहेरून पाहिले की कानाच्या बाहेरच्या कडेने वर जाणारी एक तांबूस रेघ दिसेल. ती शीर. टोचायचे तिच्यावर नाही, तर ती शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीत. तिथे केशवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि दुखते फार कमी. शिरेतच टोचले तर रक्त जास्त येते, पसरते आणि कान काळानिळा होतो.

थंड कानातून रक्त येत नाही. नवख्यांचे हात टेकतात ते बहुधा इथेच. एका स्वच्छ सुती मोज्यात दोन मुठी कोरडे तांदूळ भरा, गाठ मारा, मायक्रोवेव्हमध्ये २० ते ३० सेकंद गरम करा आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा: ऊबदार वाटला पाहिजे, चटका नको. तो कानाला दोन्ही बाजूंनी अर्धा ते एक मिनिट धरा. मायक्रोवेव्ह नसेल तर औषधाच्या छोट्या बाटलीत गरम पाणी भरून तीच कानावर फिरवा. ओल्या फडक्याने शेकले तर कान नीट कोरडा करा, नाहीतर थेंब पसरतो.

मग कडेवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात फिरवा. त्याने केस बसतात आणि रक्त केसांत न शिरता मोत्यासारखे गोल उभे राहते. पर्शियन किंवा केसाळ मांजराला हे विशेष उपयोगी. स्पिरिट लावू नका: त्याचा वास मांजराला असह्य होतो, झोंबते, आणि ओले राहिले तर आकडाही बिघडतो.

आपले हात साबणाने धुऊन कोरडे करा. हे केवळ स्वच्छतेसाठी नाही. बोटाला आंब्याचा रस किंवा चहातली साखर लागलेली असेल तर थेंबात मिसळून शुगर शंभराने वाढलेली दिसू शकते.

आता पट्टी मीटरमध्ये घाला. आधीच घालून ठेवली तर मीटर मधेच बंद होतो, टोचल्यावर शोधाशोध केली तर थेंब सुकतो. कानाच्या आतल्या बाजूला घडी केलेला टिश्यू किंवा कापसाचा बोळा धरा. त्याने कानाला आधार मिळतो आणि सुई आरपार जाऊन तुमच्या बोटात शिरत नाही. लॅन्सेट, म्हणजे टोचायची छोटी सुई, पेनसारखी धरा आणि एकदाच, न घाबरता टोचा. हळूहळू दाबत नेलेली सुई जास्त दुखते. सुरुवातीला २६ किंवा २८ गेजची जाड लॅन्सेट घ्या. 'मांजराला दुखू नये' म्हणून बहुतेक जण ३३ गेजची बारीक आणतात, आणि रक्त न आल्याने चार वेळा टोचतात. पंधरवड्याने कानाला सवय होते, नव्या केशवाहिन्या फुटतात, मग बारीक सुईनेही भागते. टोचणीचे यंत्र वापरणार असाल तर त्याचा 'खट्' आवाज आधी चार दिवस नुसता ऐकवा आणि प्रत्येक आवाजाला खाऊ द्या.

थेंब आला नाही तर कानाच्या बुडाकडून टोचल्या जागेकडे बोटाने हलकेच दूध काढल्यासारखे दाबत या. पाच-सहा सेकंदांत बाजरीच्या दाण्याएवढा थेंब जमतो, तेवढा पुरतो. पट्टीचे टोक थेंबाच्या कडेला नुसते टेकवा, ती स्वतःच रक्त ओढून घेते. पट्टीवर वरून थेंब चोपडू नका. मांजराने कान झटकायच्या आत पट्टी पोचणार नाही असे वाटले तर थेंब आपल्या स्वच्छ नखावर टिपून घ्या आणि पट्टी नखाला लावा. ही युक्ती अनेकांची सकाळ वाचवते. रक्त कमी पडून मीटरने चूक दाखवली तर ती पट्टी टाका. त्याच पट्टीवर दुसरा थेंब चढवलेला आकडा भरवशाचा नसतो.

आकडा येईपर्यंत कान सोडू नका. टिश्यूने दोन्ही बाजूंनी १० ते २० सेकंद दाबून धरा. निळे डाग पडतात ते बहुधा टोचण्याने नव्हे, न दाबल्याने. मग लगेच खाऊ: मीठ-मसाला नसलेल्या उकडलेल्या कोंबडीचा छोटा तुकडा. आकडा मिळाला नाही तरी खाऊ द्यायचाच. जागा, वेळ आणि खाऊ रोज तोच ठेवला तर आठवड्या-दोन आठवड्यांत बरीचशी मांजरे मीटरची पिशवी उघडल्याचा आवाज ऐकून आपणहून येऊन बसतात. दोन प्रयत्नांत जमले नाही तर थांबा, अर्ध्या तासाने पाहा. मानगूट धरून, टॉवेलमध्ये आवळून काढलेला आकडा दवाखान्यातल्या आकड्याइतकाच फुगलेला असतो.

एखादे मांजर कानाला हातच लावू देत नाही. मग पुढच्या पायावर, मनगटाच्या मागे असणाऱ्या छोट्या वेगळ्या गादीच्या कडेला टोचता येते. चालताना ती जमिनीला टेकत नाही, त्यामुळे दुखत राहत नाही. लिटरची (मांजराच्या शौचाच्या ट्रेमधली) माती लागलेली असते म्हणून ती आधी धुऊन पुसून घ्या.

सकाळ-संध्याकाळचा क्रम

आधी शुगर, मग खाणे, मग इंजेक्शन. बारा तासांच्या अंतराने, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ असे घराला झेपेल तसे. मांजर खात नसेल, उलटी करत असेल तर नेहमीचा डोस देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन.

इंजेक्शनच्या वेळचा आकडा किती असला की द्यायचे नाही, ही मर्यादा डॉक्टरांनी तुमच्या मांजरासाठी सांगायची असते. उपचार नवीन आहेत आणि ती अजून सांगितलेली नाही, तोवर २०० ही धरा. त्याखाली आकडा आला तर इंजेक्शन हातात घेऊ नका, फोन करा. एक डोस चुकल्याने शुगर एक दिवस चढेल. नको असताना दिलेल्या डोसाने मांजर त्याच दिवशी दगावू शकते. याच न्यायाने, इंजेक्शन आत गेले की केसांतच सांडले अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका. घरात दोघे-तिघे इंजेक्शन देत असतील तर फ्रिजच्या दारावर कागद लावा आणि देताक्षणी वेळ लिहून सही करा. 'मला वाटलं तू दिलं नसशील' या एका वाक्यातून दुहेरी डोस होतात.

सिरिंजचा घोटाळा

भारतात हा धोका खास मोठा आहे, म्हणून सविस्तर. आपल्याकडे माणसांचे बरेचसे इन्सुलिन ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या बाटलीत येते आणि त्याची सिरिंज लाल टोपीची, यू-४०. मांजराला पुष्कळदा ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन दिले जाते आणि ते १०० युनिट प्रति मिलिलिटरचे असते. त्याला नारिंगी टोपीची यू-१०० सिरिंज लागते. केमिस्टकडे जाऊन नुसते 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हटले तर लाल टोपीचीही हातात पडू शकते. तिच्यात ग्लार्जिन १ युनिटच्या खुणेपर्यंत भरले तर मांजराच्या अंगात अडीच युनिट जातात. उलट प्राण्यांसाठीचे कॅनइन्सुलिन ४० युनिटचे असते. ते नारिंगी सिरिंजने दिले तर डोसच्या निम्म्याहूनही कमी पोचते आणि 'औषध लागूच पडत नाही' असे वाटत राहते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचून जुळवा, प्रत्येक नव्या पाकिटाला.

मांजराचे डोस १ युनिट, दीड युनिट असे असतात. त्यासाठी ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मागवा. मोठ्या सिरिंजवर अर्धा युनिट अंदाजाने भरायचा म्हणजे रोज वेगळा डोस.

दिवसभराचा आलेख

सकाळ-संध्याकाळचे दोन आकडे इंजेक्शन द्यावे की नाही हे सांगतात. डोस बरोबर आहे का, हे सांगायला मधली सगळी वाटचाल पाहावी लागते. डोस बदलल्यावर आठ-दहा दिवसांनी, घरी पूर्ण वेळ असाल असा दिवस निवडा. इंजेक्शनच्या आधी पहिला आकडा, मग दर दोन तासांनी, पुढच्या इंजेक्शनपर्यंत. १५० च्या खाली गेला की दर तासाला.

समजा आकडे असे आले: ७ वाजता ३२०, ९ ला २६०, ११ ला १८०, १ ला १२५, ३ ला १४०, ५ ला २१०, ७ ला ३००. सर्वांत खालचा बिंदू १२५, इंजेक्शननंतर सहा तासांनी. हा तळ साधारण ८० ते १५० च्या दरम्यान असावा असे पशुवैद्य पाहतात. म्हणजे सकाळचा ३२० पाहून घाबरायचे कारण नाही, हा डोस ठीक चालला आहे.

आता दुसरा दिवस पाहा: ७ ला ३४०, ९ ला १९०, ११ ला ६५, १ ला १५०, ३ ला २९०, ५ ला ३६०, ७ ला ३८०. इथे शुगर धोक्याच्या कडेला जाऊन आली आणि शरीराने आपल्या संप्रेरकांनी ती वर फेकली. ज्याने फक्त सकाळ-संध्याकाळ मोजले त्याला ३४० आणि ३८० दिसले. तो म्हणेल डोस अपुरा आहे, वाढवा. वाढवला की पुढच्या वेळी ११ चा आकडा ४० असेल. इथे डोस कमी करायचा असतो. ८० च्या खाली तळ गेला की डॉक्टरांशी बोलून डोस घटवायचा, मग बाकीचे आकडे कितीही मोठे असोत.

एकाच मांजराचे दोन दिवसांचे आलेख तंतोतंत जुळत नाहीत, आणि मीटरला १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. त्यामुळे १८० आणि २०० हा एकच आकडा समजा. एका आकड्यावरून स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. ग्लार्जिनचा बदल अंगी लागायला पाच-सात दिवस जातात.

रोज इतके टोचणे शक्य नसेल तर फ्रीस्टाईल लिब्रेसारखा सेन्सर पशुवैद्य मांजराच्या खांद्यांच्या मध्ये किंवा बरगडीवर केस काढून बसवतात. लावल्यावर तासाभराने तो आकडे देऊ लागतो आणि दिवसरात्रीचा अख्खा आलेख मिळतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तो रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे झपाट्याने बदल होत असताना तो काही मिनिटे मागे असतो. फार कमी आकडा दिसला तर कानातून खात्री करा, पण खाऊ घालणे त्यासाठी लांबवू नका. आणि आयुष्य १४ दिवसांचे असले तरी मांजराच्या अंगावरून तो पुष्कळदा आधीच निघतो.

शुगर उतरली तर

मांजर अचानक हावऱ्यासारखे खायला मागते किंवा उलट कोपऱ्यात निपचित बसते, मागचे पाय लडबडतात, बुबुळे मोठी होतात, स्नायू फडफडतात, शेवटी झटके येतात. काही मांजरे ५० लाही व्यवस्थित दिसतात, म्हणून लक्षणांची वाट पाहायची नाही. ७० च्या खाली आकडा आला आणि मांजर शुद्धीत असेल तर लगेच खायला घाला, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. खात नसेल, अडखळत असेल तर अर्धा ते एक छोटा चमचा मध किंवा ग्लुकोजची पूड थोड्या पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांवर चोळा. झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाते, आणि दातांच्या मध्ये बोट घालू नका. ओठाच्या आत बाहेरून हिरडीला लावा आणि गाडी काढा. मांजर सावरले तरी दवाखाना टाळायचा नाही. मध अर्ध्या तासात संपतो, इन्सुलिन पुढे कित्येक तास काम करत असते. मधाची बाटली, मीटर आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर एकाच डब्यात ठेवा.

उलट टोकालाही एक तातडी आहे. शुगर सतत ३०० च्या वर, मांजर खात नाही, उलट्या होताहेत, श्वासाला विचित्र गोडसर वास: लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे पदार्थ) तपासा. लिटरच्या जागी रिकामा ट्रे किंवा धुतलेली बारीक खडी ठेवली की लघवी मिळते. लघवी तपासायच्या पट्टीवर कीटोन मध्यम किंवा जास्त दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना. लघवीतली साखर मात्र डोस ठरवायला उपयोगाची नाही. रक्तातली शुगर साधारण २५० च्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते, आणि ५० व १५० यांतला फरक त्या पट्टीला कळतच नाही.

आकडा बिघडला की काय शोधायचे

इन्सुलिनची बाटली किती दिवस उघडी आहे, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यापाशी गोठली तर नाही ना, आधी हे पाहा. मग दात, हिरड्या, लघवीचा संसर्ग. खाजेसाठी कुणी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असेल तर शुगर चढणारच, ते प्रत्येक नव्या डॉक्टरला आधीच सांगा. आणि मग वाटी पाहा. आपल्याकडे मांजर दूधभातावर आणि दुधात कुस्करलेल्या पोळीवर वाढते, शिवाय शेजारच्या काकू प्रेमाने बिस्किट घालतात. शेजाऱ्यांना आजार समजावून सांगा, ते ऐकतात. दूधभात बंद करून मांस-मासळीचे ओले खाणे सुरू करणे हा उपचाराचाच भाग आहे, पण तो बदल डॉक्टरांना सांगून, आठ-दहा दिवसांत हळूहळू करा आणि त्या काळात जास्त वेळा मोजा. पिष्ट कमी झाले की तोच जुना डोस भारी पडतो.

वहीत आकड्याशेजारी किती खाल्ले, किती युनिट दिले, पाणी किती प्यायले ते लिहा. ४ किलोचे मांजर दिवसाला २०० मिलिलिटरच्या वर पाणी पीत असेल तर शुगर बहुधा आटोक्यात नाही. आठवड्याला वजन: मांजर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवून दवाखान्यात द्या. कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला त्या लागू नयेत.

इंजेक्शनच्या वेळचे आकडे हळूहळू उतरू लागले, डोस अर्ध्या युनिटवर आला आणि डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवले, तरी मीटर कपाटात टाकू नका. पहिले दोन आठवडे रोज मोजा, महिनाभर इन्सुलिनशिवाय शुगर सरळ राहिली तर आठवड्याला एकदा, पुढे महिन्याला एकदा. मधुमेह परत येऊ शकतो, आणि लवकर लक्षात आला तर पुन्हा आटोक्यात आणण्याची संधी जास्त असते. तोवर पट्ट्यांची मुदत उलटलेली असेल. नवी डबी आणून ठेवा.